घर हीच शाळा, गाव हाच वर्ग

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात अशी काही नावे आहेत की, त्यांच्या विद्येचा पाया शाळेत नव्हे, तर घरात घातला गेला. पंडिता रमाबाईंना संस्कृत विद्या लाभली ती आई लक्ष्मीबाई यांच्या मुखातून, आणि तीही बव्हंशी आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रे पायी हिंडत असताना. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला, तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानडे यांनी पत्नी रमाबाईंना घरीच लिहावयास-वाचावयास शिकविले. त्याच रमाबाईंनी पुढे १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाची धुरा वाहिली आणि असंख्य स्त्रियांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली.

त्या काळी घराची शाळा झाली, कारण स्त्रियांसाठी शाळेचे दार बंद होते किंवा अर्धेच उघडे होते. आज ते दार उघडे असतानाही काही पालक आपल्या मुलांना घरीच शिकविण्याचा मार्ग विचारपूर्वक पत्करतात. ‘होमस्कूलिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अमेरिकेत विशेष रुजली. जॉन होल्ट या शिक्षणविचारवंताने १९७७ मध्ये अशा पालकांसाठी एक वार्तापत्र सुरू केले आणि १९९३ पर्यंत तेथील सर्व पन्नास राज्यांत घरच्या शिक्षणाला कायद्याची मान्यता मिळाली. भारतात अशी कुटुंबे थोडी आहेत. तथापि, त्यांच्यासमोर उभा राहणारा एक प्रश्न साऱ्याच पालकांनी व शिक्षकांनी विचारात घ्यावा असा आहे. मूल शाळेत जात नसेल, तर समाजाशी त्याची गाठ कोठे पडावी? घराच्या चार भिंती या शाळेच्या चार भिंतींपेक्षा अधिक मोकळ्या असतातच असे नाही. या प्रश्नाचे एक उत्तर सेवा आणि सहल यांच्या नियोजित आठवड्यात सापडते. त्या आठवड्याचा विचार येथे करावयाचा आहे.

कायदा आणि परीक्षा

प्रथम कायद्याची बाजू पाहणे आवश्यक आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला व ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यानुसार झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. आपल्या पाल्याला परिसरातील शाळेत दाखल करणे हे या अधिनियमाच्या कलम १० नुसार पालकाचे कर्तव्य आहे. घरी शिकविण्याच्या पद्धतीचा अधिनियमात स्वतंत्र उल्लेख नाही. कलम १० चे पालन न करणाऱ्या पालकास शिक्षेची तरतूदही नाही. या वाटेने जाणाऱ्या कुटुंबाने ही स्थिती नीट समजून घेऊनच पाऊल टाकावे.

परीक्षेची सोय मात्र उपलब्ध आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे २००२ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे नामांतर झाले. या संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणक्रमाचे तीन स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवी इयत्तांच्या बरोबरीचे आहेत आणि त्यापुढे माध्यमिक परीक्षाही देता येते. आपल्या राज्यात ‘सतरा नंबरचा अर्ज’ भरून बाहेरून दहावी-बारावीला बसण्याची पद्धत तर घरोघरी परिचित आहे. अर्थात परीक्षेची सोय झाली म्हणजे शिक्षणाची सोय झाली, असे मात्र नव्हे.

आठवड्याची आखणी

उदाहरणादाखल पुणे शहरातील एक कुटुंब कल्पावे. आई, वडील, बारा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे हे चौघेजण. वर्षातील बहुतेक आठवडे भाषा, गणित व विज्ञान यांच्या नित्य अभ्यासाचे. दर दोन महिन्यांनी एक आठवडा मात्र सेवेसाठी व सहलीसाठी राखून ठेवलेला. या आठवड्यात पुस्तके मिटलेली असतात असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः याच आठवड्यात ती अधिक वेळा उघडावी लागतात.

सोमवार : पूर्वतयारी. पहिला दिवस घरीच जातो. शहराचा व जिल्ह्याचा नकाशा पसरून प्रत्येक ठिकाणाचे अंतर, प्रवासाचे साधन व लागणारा वेळ यांची नोंद मुलांनीच करावयाची. बसचे व लोकलचे वेळापत्रक पाहून खर्चाचा अंदाज मुलीने मांडावयाचा. ज्या संस्थेत जावयाचे तेथील व्यवस्थापकांना परवानगीचे पत्र आधीच लिहिलेले असते. त्याचा मसुदाही मुलांचा आणि शुद्धलेखन तपासणारी आई. प्रत्येकाने प्रत्येक ठिकाणी विचारावयाचे तीन प्रश्न वहीत लिहून न्यावयाचे, असा या घराचा नियम. मनात प्रश्न घेऊन गेलेले मूल पाहते. प्रश्नाविना गेलेले मूल नुसते फिरून येते.

मंगळवार : वृद्धाश्रमात. सकाळचे दोन तास वृद्धाश्रमात जातात. काम साधेच असते. ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवावयाचे, पत्रे लिहून द्यावयाची, सुईत दोरा ओवून द्यावयाचा. वाचन मोठ्याने, सावकाश व स्पष्ट करावे लागते. चुकीचा शब्द आला की ऐकणारे आजोबा लगेच थांबवितात. वाचनाचा याहून चांगला तास कोणत्या वर्गात होणार?

वाचून झाले की बोलणे निघते. पुण्याच्या जुन्या पेठांत वाढलेल्या वृद्धांना १२ जुलै १९६१ ही तारीख विसरता येत नाही. त्या दिवशी बांधकाम पूर्णत्वास जात असलेले पानशेतचे धरण फुटले, त्या पाण्याच्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली. तेव्हा शाळकरी वयात असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, घरातील कोणती वस्तू प्रथम उचलली, रात्र कोणाकडे काढली, हे त्यांच्या तोंडून ऐकावे. मुलांनी ते ऐकून, सांगणाऱ्याची अनुमती घेऊन, त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावयाचे. इतिहासाचे साधन कसे तयार होते, याचा हा पहिला धडा. दोन आजींच्या आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर तो दुसरा धडा होय.

बुधवार : खडकवासला. आदल्या दिवशी ऐकलेले दुसऱ्या दिवशी पाहावयाचे, ही या आखणीतील मुख्य गोम आहे. खडकवासल्याचे मूळ धरण एकोणिसाव्या शतकातील. १९६१ च्या आपत्तीनंतर ते पुन्हा बांधण्यात आले. जवळच १९१६ मध्ये सुरू झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा आहे. धरणे, नद्या व बंदरे यांच्या लहान प्रतिकृती करून पाण्याच्या वर्तनाचा अभ्यास येथे होतो. आत जाण्यास पूर्वपरवानगी लागते. ती न मिळाल्यास धरणाच्या काठावरूनही पुष्कळ शिकता येते.

येथे गणित आपोआप पुढे येते. धरणाचा साठा ‘टीएमसी’त, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर, यावरून एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर होतात. खडकवासल्याचा उपयुक्त साठा सुमारे १.९७ टीएमसी, म्हणजे अंदाजे ५,५७५ कोटी लिटर. दर माणशी दररोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित मान आणि लोकसंख्या ५० लाख धरली, तर रोजची गरज ६७.५ कोटी लिटर भरते. म्हणजे हे एकटे धरण काठोकाठ भरले, तरी सुमारे ८२ दिवसच पुरेल. आणि त्यात शेतीचे पाणी, गळती व बाष्पीभवन धरलेलेच नाही. मग पानशेत, वरसगाव व टेमघर ही धरणे कशासाठी, हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. घरी आल्यावर दात घासताना नळ बंद करण्याची आठवणही सहसा द्यावी लागत नाही.

गुरुवार : आपला कचरा, आपले काम. सेवेसाठी दूर जावेच लागते असे नाही. आठवडाभर घरातील ओला व सुका कचरा मुलगा रोज तराजूवर तोलत असतो. गुरुवारी त्याचा आलेख तयार होतो. त्याच दिवशी सकाळी इमारतीत कचरा घेण्यासाठी येणाऱ्या मावशींशी दोघे बोलतात. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेमार्फत घरोघरचा कचरा गोळा केला जाऊ लागला. कचऱ्याचे वर्गीकरण तो निर्माण होतो तेथेच करावे, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधन घातले. पण नियम का पाळावयाचा, हे मावशींच्या बोटांवरील व्रणांवरून अधिक लवकर कळते. फुटकी काच आणि दाढीचे पाते उघडेच पिशवीत टाकले, तर त्यांचा हात कापतो.

म्हणून त्या दिवशीची सेवा ठरते ती अशी : दोघा भावंडांनी इमारतीतील प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारी जावयाचे आणि काच जाड कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळी द्यावी, अशी विनंती करावयाची. काही दारे आपुलकीने उघडतात, काही ठिकाणी उत्तर तुटक मिळते. दोन्ही अनुभव उपयोगाचे आहेत. दुसऱ्यांचा कचरा मुलांच्या हाती देणे हा मात्र सेवेचा भाग नव्हे. मोठ्या माणसाने ते कटाक्षाने टाळावे.

शुक्रवार : राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून रोजच्या वापरातील वस्तू जमविल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहास दिले. दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, भांडी, वाद्ये, कोरीव दारे अशा वस्तूंची येथे रेलचेल आहे. राजेरजवाड्यांच्या शस्त्रांपेक्षा सामान्य घरातील कारागिरीचा हा इतिहास मुलांना अधिक जवळचा वाटतो.

संपूर्ण संग्रहालय एका फेरीत पाहण्याचा हव्यास धरू नये. प्रत्येक मुलाने एक दालन निवडावे, त्यातील तीन वस्तूंसमोर थांबावे आणि त्यांचे पेन्सिलीने रेखाटन करावे. रेखाटन सुबक होणे महत्त्वाचे नाही. रेखाटताना वस्तू जितकी न्याहाळली जाते, तितकी छायाचित्र घेताना न्याहाळली जात नाही. एखाद्या वस्तूचा उपयोग कळला नाही, तर शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवावे. ती प्रश्नचिन्हे पुढील मंगळवारी वृद्धाश्रमात न्यावयाची असतात. अंघोळीच्या वेळी टाचा घासण्याची वज्री कशी धरीत, हे तेथील आजींइतके प्रत्ययकारी कोण सांगणार?

शनिवार : कार्ले. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्थानकावर उतरले की एका बाजूस कार्ल्याचा व दुसऱ्या बाजूस भाज्याचा डोंगर. कार्ल्यास एकवीरा देवीच्या मंदिराशेजारीच डोंगरात कोरलेले भव्य चैत्यगृह आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे चैत्यगृह जवळपास १२४ फूट लांब असून भारतातील कोरीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे गणले जाते. छताला बसविलेल्या प्राचीन लाकडी फासळ्या आजही तेथे दिसतात. दगडात कोरलेल्या छताला लाकडाचा आधार लागत नाही. मग त्या का बसविल्या? आधीची मंदिरे लाकडाची होती आणि डोळ्यांना तीच सवय होती, या उत्तरापर्यंत मुले थोड्या विचाराने स्वतः पोहोचतात.

कार्ल्याचे खरे वैभव त्याच्या लेखांत आहे. ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील हे लेख दानाची नोंद करतात. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी तेथे आहे. त्याचबरोबर धेनुकाकट या गावचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, एक सुतार आणि ‘यवन’ म्हणून उल्लेखिलेले दातेही आहेत. कोणी द्वार दिले, कोणी एक खांब दिला. एका राजाच्या आज्ञेने नव्हे, तर अनेक हातांच्या देणगीतून हे चैत्यगृह उभे राहिले. आठवडाभर आपापल्या परीने थोडे काही देऊन आलेल्या मुलांना या लेखांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज उरत नाही. एक खांब आपणही देऊ शकतो, एवढे त्यांना उमगले तरी सहल सार्थकी लागली.

रविवार : लेखाजोखा. अखेरचा दिवस लेखनाचा. ज्या ज्या ठिकाणी गेले तेथे आभाराची पत्रे, खर्चाचा सोमवारच्या अंदाजाशी ताळा आणि वहीतील नोंदींची पक्की प्रत. सायंकाळी आसपासची शाळेत जाणारी मुले जमतात व ही दोघे त्यांना आठवड्याचा वृत्तान्त सांगतात. श्रोत्यांतून प्रश्न येतात, थट्टाही होते. घरी शिकणाऱ्या मुलाला बरोबरीच्या मुलांसमोर उभे राहण्याचा हा सराव अत्यावश्यक आहे.

वाटेतील धोके

या पद्धतीचे गुण सांगताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना प्रचलित शाळेत घातले नाही. टॉल्स्टॉय फार्मवर तर ते स्वतःच मुलांचे शिक्षक झाले. श्रम व सेवा यांतून शिक्षण या विचाराचे बीज तेथे रुजले आणि १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर तोच विचार ‘नयी तालीम’ म्हणून देशापुढे आला. परंतु मुलांना पुरेसे अक्षरशिक्षण देण्यास आपल्याला वेळ झाला नाही व त्याबद्दल त्यांची तक्रार असण्यास कारण आहे, असेही गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणाने नमूद केले आहे. इतक्या थोर शिक्षकाच्या घरी जे घडले, ते सामान्य घरात घडणार नाही, असे कोणी धरून चालू नये. सेवेच्या व सहलीच्या उत्साहात नित्याचा अभ्यास मागे पडता कामा नये.

दुसरा प्रश्न वेळेचा व पैशाचा आहे. प्रवेशशुल्क व प्रवासखर्च काटकसरीने भागविता येतो. परंतु या शिक्षणासाठी एका पालकाला घरी राहावे लागते आणि बहुतेक घरांत ती जबाबदारी आईवर येते. तिने सोडलेल्या नोकरीचा हिशेब कोठल्याच वहीत लिहिला जात नाही. हा भार वडिलांनी समान वाटून घेतला नाही, तर घराची शाळा एका व्यक्तीच्या श्रमावर उभी राहते. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला तर ही वाट उपलब्धच नसते. त्यांच्या मुलांसाठी गावची शाळा हाच एकमेव आधार आहे आणि तो भक्कम राहिला पाहिजे, याचे विस्मरण होऊ नये.

शाळांनाही उपयुक्त

म्हणूनच या आठवड्यातील बोध केवळ घरी शिकणाऱ्या मुलांपुरता ठेवण्याचे कारण नाही. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी नित्य सेवाकार्याला सात दिवसांच्या विशेष शिबिराची जोड दिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तराविना दिवसांची शिफारस केली आहे. जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेने मनावर घेतले, तर गावचा पाझर तलाव, कुंभाराचे चाक, प्राथमिक आरोग्य केंद्र, जुनी विहीर व वयोवृद्ध ग्रामस्थ एवढ्या भांडवलावर असा आठवडा आखता येईल. त्यासाठी कार्ल्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही.

मात्र दोन पथ्ये पाळावी लागतील. सेवा आणि सहल या दोन वेगळ्या गोष्टी मानू नयेत. सेवेत ऐकलेले सहलीत पाहावे आणि सहलीत पडलेला प्रश्न घेऊन पुन्हा सेवेकडे जावे. नुसती सहल करमणूक ठरते आणि नुसती सेवा दयेकडे झुकते. दुसरे पथ्य अधिक अवघड आहे. वृद्धाश्रमात एकदाच जाऊन, छायाचित्र काढून परतणाऱ्यांची उणीव नाही. तेथील आजोबांना मात्र पुढच्या मंगळवारी वर्तमानपत्र कोण वाचणार, याची काळजी असते. पहिली भेट मुलांच्या शिक्षणासाठी असते. खरी सेवा दुसऱ्या भेटीपासून सुरू होते. म्हणून रविवारी वही मिटण्यापूर्वी तिच्या शेवटच्या पानावर पुढील भेटीची तारीख लिहावी आणि ती पाळावी.